नावांचे स्थलांतर

मोडी लिपीतील जुने कागद वाचण्याचा ज्यांना सराव आहे, त्यांना एक गोष्ट चांगली ठाऊक असते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ हे दोन शब्द तेथे एकाच रूपाने लिहिले जातात. कारकुनाचा हात भरभर चालावा, बोरू वारंवार उचलावा लागू नये, हा त्या लिपीचा हेतू होता आणि तो तिने शतकानुशतके उत्तम रीतीने पार पाडला. परंतु असा कागद बाळबोधीत उतरविण्याची वेळ आली म्हणजे लिप्यंतर करणाऱ्यास जागोजाग थांबून विचार करावा लागतो: येथे दिवस अभिप्रेत आहे की दैन्य? उलट, बाळबोधीतील कागद मोडीत उतरविला तर जो भेद मुळात होता तो वाटेतच गळून पडतो आणि पुन्हा हाती लागत नाही. यात दोष कोणत्याच लिपीचा नाही. दोन निर्दोष पद्धती एकमेकींस भेटल्या की त्यांच्या सीमेवर काहीतरी हरवते, एवढाच त्याचा अर्थ.

संगणकाच्या जगात गेली कित्येक दशके हेच घडत आले आहे. संगणकात साठविलेला प्रत्येक मजकूर, प्रत्येक चित्र वा हिशेब ‘फाईल’ या संज्ञेने ओळखला जातो आणि प्रत्येक फायलीला एक नाव असते. हे नाव किती लांब असावे, त्यात कोणती चिन्हे चालावीत, याचे नियम त्या यंत्राचा कारभार पाहणारी कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, ठरविते. एकच यंत्र आणि एकच प्रणाली असेपर्यंत या नियमांची कोणास जाणीवही होत नाही. परंतु एखाद्या कचेरीचे, महाविद्यालयाचे वा ग्रंथालयाचे सामाईक दफ्तर एका प्रणालीवरून दुसऱ्या प्रणालीवर हलवावयाचे ठरले, की काही फायली उघडत नाहीत, काही दिसतच नाहीत, आणि काही तर दुसऱ्या फायलींखाली गाडल्या जाऊन कायमच्या नाहीशा होतात. हा घोटाळा केवळ अज्ञानातून उद्भवलेला नाही. त्यामागे काटकसरीचा, सोयीचा आणि क्वचित कल्पकतेचाही एक इतिहास आहे.

या इतिहासाचा आरंभ जागेच्या टंचाईत सापडतो. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीचा पीडीपी-10 हा संगणक 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रचारात आला. त्याच्या स्मृतीतील एक कप्पा 36 बिटांचा असे. एका अक्षराला 6 बिट दिले, की अशा कप्प्यात बरोबर सहा अक्षरे मावत. म्हणून फायलीचे नाव सहा अक्षरांचे, आणि अर्ध्या कप्प्यात मावणारी तीन अक्षरांची जोड, असा दंडक पडला. सहा बिटांतून 64 चिन्हेच निर्माण होतात. त्यांत रोमन लिपीतील मोठी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे बसविल्यावर लहान अक्षरांना जागा उरली नाही. नाव तोकडे का आणि सर्व अक्षरे मोठीच का, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्या 36 बिटांच्या कप्प्यात होते.

कॅलिफोर्नियातील गॅरी किल्डॉल यांनी 1974 साली लहान संगणकांसाठी सीपी/एम ही प्रणाली रचली, तेव्हा डिजिटल कंपनीच्या प्रणालींचा संस्कार त्यांच्या कामावर झालेला होता. त्यांनी नावाची मर्यादा सहावरून आठ अक्षरांवर नेली. तीन अक्षरांची जोड मात्र तशीच ठेवली. पुढे सिएटल येथील टिम पॅटर्सन यांनी 1980 साली नवी प्रणाली लिहिताना हीच रीत स्वीकारली. तीच प्रणाली मायक्रोसॉफ्टच्या हाती जाऊन 1981 च्या ऑगस्टमध्ये आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर घरोघर पोहोचली. तिच्या नोंदवहीत प्रत्येक फायलीसाठी 32 बाइटांची एक ओळ असे आणि त्यांतील 11 बाइट नावासाठी राखलेले असत. नाव आणि जोड यांच्यामधील जो बिंदू पडद्यावर दिसे, तो नोंदवहीत लिहिलाही जात नसे. मोठ्या यंत्राच्या एका कप्प्यातून जन्मलेला नियम अशा रीतीने, त्या यंत्राशी ज्यांचा कधी संबंध आला नाही, अशा लक्षावधी लोकांच्या कामाचा नियम होऊन बसला.

याच वारशात आणखी एक चमत्कारिक गोष्ट आली. जुन्या डॉसमध्ये टंकफलक आणि पडदा, मुद्रणयंत्र इत्यादी उपकरणांनाही फायलींसारखीच नावे होती: ‘कॉन’, ‘पीआरएन’, ‘ऑक्स’, ‘नल’. त्या वेळी फोल्डर नव्हते. सर्व फायली एकाच पातळीवर राहत. यास्तव ही चार-दोन नावे राखून ठेवणे स्वाभाविक होते. 1983 साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, परंतु जुन्या आज्ञावली बिघडू नयेत म्हणून ही नावे प्रत्येक फोल्डरात राखीवच राहिली. फोल्डरांची नावे वेगळी करण्यासाठी डावीकडे झुकणारी तिरपी रेघ घ्यावी लागली, कारण उजवीकडे झुकणारी रेघ आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच खर्ची पडली होती. चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही, ही नावे फायलींना देऊ नयेत, अशी सूचना विंडोजच्या अधिकृत माहितीत कायम आहे.

याच काळात दुसऱ्या एका परंपरेची वाढ स्वतंत्रपणे चालली होती. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 1969 साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीचा पाया घातला. तिच्या आरंभीच्या नोंदवहीत नावासाठी 14 बाइट असत. 1983 साली बर्कली विद्यापीठातून आलेल्या आवृत्तीने ही मर्यादा 255 वर नेली. युनिक्सचा दृष्टिकोन उदार होता. नाव म्हणजे बाइटांची एक माळ. तीत फोल्डर दर्शविणारी तिरपी रेघ आणि शून्य हा बाइट, एवढी दोनच चिन्हे वर्ज्य. लहान आणि मोठे अक्षर ही तेथे सर्वस्वी निराळी. त्यामुळे मोठ्या ‘आर’ने सुरू होणारा ‘रिपोर्ट’ आणि लहान ‘आर’ने सुरू होणारा ‘रिपोर्ट’ या दोन फायली एकाच फोल्डरात शेजारी-शेजारी सुखाने नांदू शकतात.

तिसरी परंपरा अॅपलच्या मॅकिंटॉशची. 1984 साली आलेल्या या संगणकाने सामान्य माणसाला त्याच्या बोलण्यातील नाव फायलीला देऊ दिले. 1985 सालच्या त्याच्या एचएफएस या रचनेत 31 अक्षरांचे नाव चाले आणि त्यात केवळ विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविरामाचे चिन्ह निषिद्ध असे. दिनांक लिहिताना घालतात तशी तिरपी रेघ तेथे बिनदिक्कत चाले. फायलीचा प्रकार आणि ती निर्माण करणारी आज्ञावली यांची नोंद नावाबाहेर, चार-चार अक्षरांच्या दोन खुणांत ठेवलेली असे. म्हणून नावाला तीन अक्षरांचे शेपूट लावण्याची गरज नव्हती. परिणाम असा होई, की तीच फाईल डॉसच्या यंत्रावर गेली म्हणजे खुणा मागे राहत, नाव कापले जाई आणि ती कोणत्या जातीची आहे हे कोणासच कळत नसे.

अशा तीन परंपरा आपापल्या आवारात नांदत होत्या. तारांचे जाळे पसरून सामाईक दफ्तरांची सोय झाली, तेव्हा त्यांची खरी गाठ पडली. आयबीएममधील बॅरी फायगेनबॉम यांनी 1983 च्या सुमारास फायली वाटून घेण्याचा एसएमबी हा संकेत तयार केला. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने 1984 साली युनिक्ससाठी एनएफएस आणला. दोन्ही संकेत आपापल्या घरच्या रीतीवर बेतलेले होते. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे शिकणारे अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1991 च्या अखेरीस आणि 1992 च्या आरंभी जी आज्ञावली लिहिली, तिने डॉसच्या यंत्रांना युनिक्सवरील फायली वाचता येऊ लागल्या. तिला पुढे नवे नाव हवे झाले, तेव्हा एस, एम आणि बी ही तीन अक्षरे याच क्रमाने ज्यांत येतात असे शब्द त्यांनी शब्दसूचीतून संगणकाकडूनच शोधून घेतले, आणि ‘सांबा’ हे नाव निवडले.

सांबापुढील अडचण मोडी वाचणाऱ्याच्या अडचणीची उलट बाजू होती. युनिक्सवरील लांब नावे आठ-तीन अक्षरांच्या चौकटीत दाखवायची कशी? जानेवारीचा हिशेब आणि फेब्रुवारीचा हिशेब यांची पहिली आठ अक्षरे सारखीच असली, तर नुसते कापून भागत नाही. दोन फायलींना एकच नाव पडते. म्हणून नावाचा आरंभीचा थोडा भाग ठेवून उरलेल्या जागी संपूर्ण नावावरून गणिताने काढलेली एक खूण जोडण्याची युक्ती योजली गेली. 1995 साली विंडोज 95 ने लांब नावांची परवानगी दिली, तेव्हा तिलाही हाच मार्ग धरावा लागला. प्रत्येक लांब नावाबरोबर पहिली सहा अक्षरे, नागमोडी रेघ आणि एक अंक असे जुन्या धर्तीचे टोपणनाव ठेवले गेले. लांब नावाचे तुकडे त्याच जुन्या 32 बाइटांच्या ओळींत लिहिले जात. मात्र त्या ओळींवर गुणधर्मांचा असा अशक्य मेळ नोंदलेला असे, की जुन्या आज्ञावली त्यांकडे पाहतच नसत. ही योजना चतुर होती, परंतु तिच्यात एक फसवी जागा होती. टोपणनावातील अंक फायली ज्या क्रमाने तयार होतील त्या क्रमाने पडत. दफ्तर दुसऱ्या यंत्रावर उतरविताना क्रम बदलला, की दोन फायलींच्या टोपणनावांची अदलाबदल होई, आणि जुन्या टोपणनावावर विसंबलेली आज्ञावली न कळत भलतीच फाईल उघडी.

सर्वांना मान्य होईल असा किमान नियम करून पाहण्याचे प्रयत्नही झाले. तबकडीवर साठविलेला मजकूर कोणत्याही यंत्रावर वाचता यावा म्हणून 1985 च्या सुमारास अमेरिकेतील लेक टाहो येथील हाय सिएरा या हॉटेलात निरनिराळ्या कंपन्यांचे प्रतिनिधी जमले. त्या विचारविनिमयातून 1988 साली आयएसओ 9660 हे आंतरराष्ट्रीय प्रमाण निघाले. त्याच्या सर्वांत कडक पातळीवर आठ आणि तीन अक्षरांची तीच जुनी चौकट, मोठी रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढेच ग्राह्य होते. सर्वांत दुबळ्याला जे झेपेल ते सर्वांनी पाळावे, असा हा समेट होता. तो फार काळ कोणास पुरला नाही. युनिक्सवाल्यांनी रॉक रिज नावाची आणि मायक्रोसॉफ्टने जोलिएट नावाची पुरवणी त्याला जोडली, आणि एकाच तबकडीवर एकाच फायलीची दोन-तीन नावे नांदू लागली.

इथवरचा वाद रोमन लिपीच्या अंगणातला होता. मराठी भाषकांचे दुःख याहून जुने. संगणकावर मराठी मजकूर छापता येऊ लागल्यावरही बराच काळ फायलीला मराठी नाव देता येत नसे. त्या काळचे मराठी टंक म्हणजे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर चढविलेला देवनागरीचा पोशाख. फायलीच्या नावाला तो पोशाख चढत नसे आणि मराठीत टंकलेले नाव रोमन अक्षरांच्या निरर्थक रांगेसारखे दिसे. 1991 साली युनिकोड प्रसिद्ध झाले आणि जगातील लिप्यांना स्वतंत्र क्रमांक मिळू लागले. देवनागरीची त्यातील मांडणी भारतात सिद्ध झालेल्या इस्की या प्रमाणाच्या 1988 च्या आवृत्तीवर आधारलेली होती. 1992 च्या सप्टेंबरात केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात, ताटाखालच्या कागदावर, युनिकोड साठविण्याची यूटीएफ-8 ही रीत आखली. फायलींच्या व्यवस्थेला धक्का न लावणारी रीत हवी, या गरजेतूनच तिचा जन्म झाला. तिच्यात परलिपीतील अक्षराच्या पोटी तिरपी रेघ वा शून्य कधीही येत नाही. म्हणून युनिक्सचे जुने दोन निषेध जसेच्या तसे पाळून देवनागरी नावे नांदू शकली. विंडोज 2000 पासून मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीतही देवनागरीची सोय झाली.

तथापि दार उघडले म्हणजे वाट सरळ झाली असे नाही. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘विद्यार्थ्यांच्या’ हा शब्द उच्चारात चार अक्षरांचा. पण व्यंजने, मात्रा, हलन्त आणि अनुस्वार वेगवेगळे मोजले की त्यात 17 चिन्हे भरतात आणि 51 बाइट लागतात. लिनक्सच्या प्रचलित फाईल-रचनांची मर्यादा 255 बाइटांची. एवढ्या लांबीचे पाच शब्द आणि त्यांमधील चार मोकळ्या जागा मिळून 259 बाइट होतात. नाव नाकारले जाते. विंडोजची मर्यादाही 255 चीच, पण ती निराळ्या मापाने मोजली जाते आणि देवनागरीचे एक चिन्ह तेथे एकच धरले जाते. त्यामुळे विंडोजवर सहज मावलेले लांब मराठी नाव लिनक्सवर अडते, आणि त्याच लांबीचे रोमन नाव मात्र दोन्हीकडे मावते.

याहून सूक्ष्म अडचण मराठीच्या खास ‘ऱ’ची आहे. कऱ्हाड, वऱ्हाड, दऱ्या या शब्दांतील अर्धा ‘ऱ’ संगणकात तीन प्रकारे साठविता येतो: ‘ऱ’ हे एकसंध चिन्ह आणि हलन्त, ‘र’, त्याखालचा नुक्ता आणि हलन्त, किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. लिनक्स नावाचे केवळ बाइट पाहते. तिला ही तीन निराळी नावे वाटतात. अॅपलच्या 1998 सालच्या एचएफएस प्लस या रचनेचा बाणा उलटा होता. ती ‘ऱ’ची स्वतःहून फोड करून ‘र’ आणि नुक्ता असे साठवी, आणि नावांची तुलना करताना अदृश्य जोडचिन्हाकडे दुर्लक्ष करी. म्हणजे तिसऱ्या प्रकारे लिहिलेल्या ‘दऱ्या’ आणि समुद्रवाचक ‘दर्या’ या दोन नावांत तिला भेदच दिसत नसे. एका प्रणालीत एका शब्दाची तीन नावे, दुसऱ्या प्रणालीत दोन शब्दांचे एकच नाव! ‘दिन’ आणि ‘दीन’ यांची मोडीतील गाठ नव्या रूपात पुन्हा पडली. 2017 साली आलेल्या एपीएफएस या रचनेने नाव जसे दिले तसे जपण्याची रीत धरली. पण आधीच्या एकोणीस वर्षांत साठलेली दफ्तरे जुन्याच रूपात राहिली.

हे सारे बारकावे तज्ज्ञांपुरतेच आहेत असे कोणास वाटेल. दोन घटनांवरून त्यांचे गांभीर्य ध्यानी येते. आज्ञावलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या साधनाचा अंतर्गत कारभार एका ठरावीक नावाच्या फोल्डरात चालतो. 2014 च्या डिसेंबरात असे उघडकीस आले, की त्याच नावातील एखादे अक्षर लहानाचे मोठे करून, किंवा मध्ये अदृश्य चिन्ह घालून कोणी फोल्डर पाठविले, तर लिनक्सवर ते निरुपद्रवी परके नाव ठरते. विंडोज आणि मॅकवर मात्र ते खऱ्या फोल्डरावर जाऊन बसते आणि पाठविणाऱ्याच्या आज्ञा घेणाऱ्याच्या यंत्रावर चालू शकतात. तातडीने दुरुस्ती करावी लागली. दुसरी घटना 2019 ची. रेणूंच्या रचनेचा हिशेब करण्यासाठी 2014 साली प्रसिद्ध झालेली एक आज्ञावली अनेक रसायनशास्त्रज्ञ वापरीत असत. हवाई विद्यापीठातील संशोधकांना आढळले, की तोच हिशेब निरनिराळ्या कार्यप्रणालींवर निरनिराळे उत्तर देतो. कारण एवढेच, की आज्ञावली फोल्डरातील फायली प्रणाली ज्या क्रमाने हाती देई त्याच क्रमाने घेत असे, आणि नावे लावण्याचा क्रम सर्व प्रणालींत एक नसतो. नावे आधी क्रमाने लावून घ्यावीत एवढ्या लहान दुरुस्तीने दोष गेला. पण त्या मधल्या पाच वर्षांतील निष्कर्ष पुन्हा तपासून पाहण्याची जबाबदारी अनेकांवर येऊन पडली.

या अनुभवांतून दफ्तर हलविण्याची एक शिस्त हळूहळू सिद्ध झाली आहे. प्रथम सर्व नावांची यादी करावी आणि प्रत्येक फायलीच्या मजकुराची गणिती खूण काढून तिच्यासमोर लिहावी. नंतर गंतव्य प्रणालीच्या नियमांनी ती यादी तपासावी: कोणत्या नावांत निषिद्ध चिन्हे आहेत, कोणती नावे केवळ लहान-मोठ्या अक्षरांनी वा ‘ऱ’च्या लेखनाने भिन्न आहेत, कोणाच्या शेवटी विंडोज गाळून टाकील असा बिंदू वा मोकळी जागा आहे, कोणाचा फोल्डरांसकट संपूर्ण पत्ता विंडोजवर दीर्घकाळ चालत आलेल्या 260 चिन्हांच्या मर्यादेबाहेर जातो. जे नाव बदलावे लागेल त्याचे जुने आणि नवे रूप शेजारी-शेजारी नोंदवावे. हलवून झाल्यावर गणिती खुणा पुन्हा ताडून पाहाव्यात. यांतील पहिली आणि तिसरी पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते, आणि नुकसान होते तेही त्यामुळेच. कारण एका फायलीने दुसरीला झाकले, तर ती झाकली गेल्याचे सांगणारा कागद मागे उरत नाही.

सर्वत्र चालेल असे नाव हवे असल्यास पॉझिक्स या प्रमाणाने एक चिन्हसंच सांगून ठेवला आहे: रोमन लिपीची लहान-मोठी 52 अक्षरे, 10 अंक, बिंदू, अधोरेषा आणि आडवी रेघ, अशी अवघी 65 चिन्हे. या सुरक्षित अंगणात मराठीला जागा नाही, हे कटू असले तरी खरे आहे. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे वा बेळगाव येथील एखादे जुने मराठी ग्रंथालय आपले दफ्तर संगणकावर आणते, तेव्हा त्याच्यापुढे हाच पेच असतो. फायलींना मराठी नावे द्यावीत तर प्रवासात धोका. रोमन नावे द्यावीत तर वाचकाला परकेपणा. ग्रंथपालांनी या पेचावर मार्ग फार पूर्वीच काढून ठेवला आहे. पुस्तकाच्या पाठीवर दाखल-क्रमांक असतो, आणि त्याचे खरे नाव, लेखकाच्या स्वतःच्या शुद्धलेखनासह, नोंदवहीत अक्षरशः उतरविलेले असते. क्रमांक प्रवासासाठी, नाव वाचकासाठी. फायलीलाही असाच साधा क्रमांक देऊन तिचे मराठी नाव सूचीत जसेच्या तसे जपले, तर कोणतीही प्रणाली त्याला कापू शकत नाही.

मोडी कागदाचे चोख लिप्यंतर करणारा जाणकार जेथे संशय असेल तेथे मूळ रूप समासात लिहून ठेवतो. पुढच्या अभ्यासकाला त्याचा निर्णय पटला नाही, तरी मूळ शब्द त्याच्या हाती राहतो. यंत्रे बदलतील, प्रणाली बदलतील, आज निर्वेध वाटणारे नियमही उद्या कोणाला जाचक वाटतील. दफ्तर हलविणाऱ्याने समासातील ती एक नोंद ठेवली, तर पुढे येणाऱ्यास ‘दऱ्या’ कोणत्या आणि ‘दर्या’ कोणता हे शोधून काढता येईल.